बाबांसाठी कुत्रा आणायचा म्हणतोय (लालबाग, एकोणिसावा मजला)

चिंचपोकळीकर | ९ जून
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

विषय बाबांचा. वय ७१, बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त. आई गेल्या वर्षी फेब्रुवारीत गेली. आमची चाळ पडून टॉवर झाला त्याला चार वर्षं झाली. आता एकोणिसावा मजला, दोन बेडरूम आणि त्यात बाबा एकटे. मी ठाण्याला, भाऊ बंगळूरला. चाळीत दार सताड उघडं असायचं, येताजाता कुणीतरी डोकावायचं. इथे शेजारी कोण राहतं ते बाबांना कुरिअरवाल्याकडून कळतं.

बीपी आहे, शुगर काठावर. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास चाला. बाबा "हो हो" म्हणतात आणि टीव्हीसमोर बसतात. आठ-आठ दिवस खाली उतरत नाहीत. परवा गेले तर आदल्या रविवारी मी करून ठेवलेली आमटी फ्रिजमध्ये जशीच्या तशी. "भूकच नव्हती गं," म्हणाले. चहा-बिस्किटांवर आठवडा काढला होता.

भावाचं म्हणणं, वाढदिवसाला लॅब्रडॉरचं पिल्लू आणून देऊ, म्हणजे दोन वेळा तरी खाली उतरतील. मला पटतंही आणि धास्तीही वाटते. उद्या बाबांना नाही झेपलं तर ते पिल्लू कुणाच्या गळ्यात? प्राणी पाळून खरंच तब्येत सुधारते का, की हे सगळं व्हॉट्सॅपवरचं ज्ञान? अनुभव सांगा.

शेपूटवाला | ९ जून
आणा, आणा, आणा! आमचा बंटी आल्यापासून माझं वजन दीड वर्षात सात किलो उतरलं. जिमची वर्षाची फी भरून तीन दिवस गेलेला माणूस मी. पण बंटी साडेपाचला चादर ओढतो. जिमवाला कधी चादर ओढायला येत नाही.

कडीकोयंडा | ९ जून
नाण्याची दुसरी बाजू मी मांडतो, शिव्या खायची तयारी आहे.

आमच्या बिल्डिंगमध्ये अकरा कुत्री. माझ्या स्कूटरचं पुढचं चाक हे त्यांचं जाहीर मुतारीगृह. लिफ्टमध्ये शिरलं की ओल्या कुत्र्याचा वास, पावसाळ्यात तर विचारूच नका. सहाव्या मजल्यावरचं एक लाडकं बाळ मालक ऑफिसला गेले की सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत रडतं. मालकांचं मानसिक आरोग्य सुधारलं असेल, माझं पार बिघडलंय.

ताई, म्हाताऱ्या माणसाला सोबत हवी तर माणसांची लावून द्या. जवळ ज्येष्ठ नागरिक संघ नाही का?

चिंचपोकळीकर | ९ जून
आहे ना. दोनदा सोडून आले. बाबा म्हणाले, "तिथे सगळे आपापल्या गुडघ्यांबद्दल बोलतात."

शेपूटवाला | ९ जून
खि खि. बाबा आवडले.

नाडीपरीक्षा | १० जून
मी दादरला जनरल प्रॅक्टिस करतो. सव्वीस वर्षं झाली. यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण या विषयात अर्धवट माहिती फार फिरते.

हे खूळ वैद्यकात आलं कुठून? १९८० मध्ये अमेरिकेतला एक छोटा अभ्यास छापून आला. हृदयविकाराने अतिदक्षता विभागात राहून घरी गेलेल्या ९२ रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला होता. घरी प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी वर्षात ३ दगावले, नसलेल्या ३९ पैकी ११. आकडे बघून सगळे चाट पडले. पण ९२ माणसं म्हणजे किती? आमच्या दवाखान्यात पावसाळ्यात दोन दिवसांत येतात.

मोठा पुरावा स्वीडनचा, २०१७ चा. तिथे कुत्र्याची नोंदणी कायद्याने सक्तीची आणि लोक ती खरंच करतात. त्यामुळे ४० ते ८० वयाच्या ३४ लाख लोकांच्या नोंदी कुत्र्यांच्या नोंदींशी ताडून बघता आल्या. एकट्या राहणाऱ्यांत कुत्रा असलेल्यांचा मृत्यूचा धोका सुमारे ३३ टक्के कमी निघाला. भरल्या घरात राहणाऱ्यांना फायदा दिसला, पण बराच कमी. तुमच्या बाबांच्या दृष्टीने यातला 'एकट्या राहणाऱ्यांत' हा भाग वाचा. (नोंदणी आपल्या मुंबईतही सक्तीची आहे बरं. महापालिकेचा परवाना लागतो. इथे कुत्री असलेल्यांनी हात वर करा, किती जणांकडे आहे?)

आता मेख. कुत्रा आणल्यामुळे माणूस धडधाकट राहिला, की धडधाकट होता म्हणून कुत्रा आणला? ज्याला जिना चढवत नाही तो कुत्रा पाळायच्या फंदात पडतच नाही. हा गुंता अशा अभ्यासांतून पुरता सुटत नाही. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ मध्ये सावध भाषा वापरली: कुत्रा पाळण्याने हृदयविकाराचा धोका कमी होत असावा, पण केवळ तेवढ्यासाठी प्राणी घरी आणू नये.

माझं स्वतःचं निरीक्षण विचाराल तर गुण दोन गोष्टींचा. एक, कुत्र्याला 'उद्या जाऊ' कळत नाही. दुसरं, कुत्रा बरोबर असला की अनोळखी माणूस येऊन बोलतो. नुसत्या म्हाताऱ्याशी कोण बोलतं? माझ्याकडचे एक आजोबा बायको गेल्यावर वर्षभर मुके झाल्यासारखे होते. मुलीचा कुत्रा महिनाभर सांभाळायला आला आणि आता माटुंग्याच्या 'पाच बागां'तली निम्मी जनता त्यांना ओळखते. गोळ्या त्याच आहेत, माणूस बदलला.

लॅबच्या पिल्लाला मात्र माझा साफ नकार. वर्षभरात तीस किलोचा होतो आणि मांजर दिसली की सुसाट सुटतो. पट्ट्यातल्या कुत्र्याला फिरवताना हाड मोडून अमेरिकेतल्या इस्पितळांत येणाऱ्या ६५ वर्षांवरच्यांची संख्या २००४ ते २०१७ या काळात दुपटीहून जास्त झाली. त्यात खुबा मोडलेले सर्वाधिक. या वयात खुबा मोडणं म्हणजे काय, ते ज्यांच्या घरात झालंय त्यांना विचारा.

मांजरपाट | १० जून
कुत्रावाल्यांच्या धाग्यात मांजरवालीची घुसखोरी. :)

कांदिवलीला एकटी राहते, रात्रपाळीची नोकरी. तीन वर्षांपूर्वी डिप्रेशनचं निदान झालं. गोळ्या चालू, समुपदेशन चालू. तेव्हाच इमारतीच्या मीटर-रूममध्ये एक मांजर तीन पिल्लं घालून नाहीशी झाली. दोन पिल्लं कुणी नेली, तिसरं, कानाला खरूज आलेलं, माझ्या वाट्याला आलं.

बरं वाटायला लागलं ते काही तिच्या गोडपणामुळे नाही. सकाळी नऊला मी घरी येते आणि ती दारातच कोकलते. तिचं ताट धुवायचं, खाणं काढायचं, मातीचा ट्रे उपसायचा. एवढं होईपर्यंत मी उभी असते, खिडकी उघडलेली असते, मग माझाही चहा होतो. पूर्वी आल्या आल्या बुटांसकट पलंगावर पडायचे आणि अंधार पडला की उठायचे. तेवढाच फरक, पण त्या दिवसांत तेवढा पुष्कळ होता.

एक मात्र लिहून ठेवते. मांजर आली म्हणून मी गोळ्या सोडल्या नाहीत. एकदा हुशारी करून सोडल्या होत्या, मांजर असूनही व्हायचं ते झालंच. डॉक्टरांनी पुढे वर्षभराने हळूहळू कमी केल्या.

टॉवरमध्ये मांजर आणणाऱ्यांनी आधी खिडक्यांना पक्की जाळी लावा. पारवे येऊ नयेत म्हणून लावतात ती नायलॉनची जाळी मांजर दातांनी तोडते आणि पारव्यावर झेपावते. वरच्या मजल्यांवरून मांजरं पडतात, 'मांजर पायावरच पडतं' यावर विसंबू नका. आणि स्वतःच्या डोकेदुखीची पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नका, अर्धी गोळीही जीव घेते. लिलीची फुलं आणलीत तर तीही तिच्यापासून लांब.

आगरबाजार | १० जून
एवढे कष्ट कशाला? बाबांना गॅलरीत कबुतरांना दाणे टाकू देत. फुकट करमणूक, पुण्यही पदरात.

नाडीपरीक्षा | १० जून
अजिबात नको! कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ आणि पिसांचा भुगा श्वासातून जाऊन फुप्फुसाला सूज येते आणि काही जणांचं फुप्फुस कायमचं निबर होतं. गेल्या वर्षी दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून एवढं रामायण झालं ते याच मुद्द्यावर. ७१ वर्षांच्या माणसाच्या गॅलरीत हे मुद्दाम बोलावू नका.

आगरबाजार | १० जून
बरं, मग पोपट? आमच्या आजीचा मिठू तिला नावाने हाक मारायचा.

पट्टा_सोडा | १० जून
आपला हिरवा, लाल चोचीचा पोपट पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. चांदणी कासवाचंही तेच. आजीचा काळ वेगळा होता, आता कुणी तक्रार केली तर वनखात्याची माणसं दारात येतात.

काचेपलीकडे | ११ जून
माशांचं कुणीच बोलत नाही म्हणून मी. करी रोडला दहा बाय बाराच्या खोलीत अठरा वर्षं टाकी चालवतोय. लहानपणी वडील दर मे महिन्यात तारापोरवाला मत्स्यालयात न्यायचे, तेव्हापासूनचं वेड. माशांकडे बघत बसलं की रक्तदाब उतरतो हे १९८० च्या दशकात लोकांनी मोजून दाखवलंय, आणि माझ्या बायकोच्या मते मी माशांसमोर असतानाच माणसात असतो.

फक्त दुकानातून टाकी आणि मासे एकाच दिवशी आणू नका. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो, तो पचवणारे जिवाणू नव्या टाकीत नसतात. ते वाढायला चार-सहा आठवडे लागतात. लोक पहिल्याच दिवशी डझनभर मासे सोडतात, आठवड्यात सगळे उताणे, आणि मग 'आम्हाला मासे लाभत नाहीत' म्हणत फिरतात. लाभत नाहीत कसले, विषात पोहत होते बिचारे.

बाकी ताईंच्या बाबांना खाली उतरवायचं असेल तर मासे कुचकामी, हे कबूल.

पट्टा_सोडा | ११ जून
चिंचपोकळीकर, आता तुमच्याकडे वळते. मी नऊ वर्षं प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, भटक्यांना घरं शोधून देण्याचं कामही करते. सरळ सांगते:

पिल्लू नको. पिल्लू म्हणजे तान्हं बाळ. दर दोन तासांनी शू, चप्पल-चार्जर-सोफा सगळं कुरतडणार, आणि लसी पुऱ्या होईपर्यंत त्याला खाली नेताच येत नाही. म्हणजे ज्यासाठी आणायचं तेच तीन महिने बंद!

आपली गावठी कुत्री बघा. चार-पाच वर्षांची, नसबंदी झालेली, पंधरा किलोच्या आतली मादी. त्या वयात स्वभाव ठरलेला असतो, तुम्ही आधीच पारखून घेऊ शकता. मुंबईच्या दमट हवेत लॅब-हस्कीची त्वचा सारखी बिघडते, गावठी मजेत असते. दवाखान्यात रोज बघते हो, एसीत ठेवलेले हस्की आणि त्यांच्या बिलाकडे बघून घाम फुटलेले मालक.

आणि लगेच दत्तक घेऊ नका. पंधरा दिवस 'सांभाळायला' म्हणून न्या. बाबांना सांगा, "बिचारीला जागा नाही, दोन आठवडे ठेवून घ्या." झेपलं नाही तर परत करायची मुभा. आणि बाबांना काही झालं तर तिला तुम्ही नेणार की भाऊ, ते आजच ठरवा. म्हातारा मालक गेल्यावर नातेवाईकांनी परळच्या बैलघोडा हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर बांधून ठेवलेली कुत्री मी पाहिलीत. एक तर दोन दिवस पाण्याला तोंड लावत नव्हती.

चिंचपोकळीकर | ११ जून
हे शेवटचं वाचून पोटात कालवलं. भावाशी बोलते. कुणी नेणार हे ठरल्याशिवाय पाऊल उचलणार नाही.

सोसायटीचा प्रश्न आहेच. कमिटीतले एक काका म्हणतात, सर्वसाधारण सभेत कुत्र्यांवर बंदीचा ठराव आणणार.

शेपूटवाला | ११ जून
आणू देत. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत: बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, वेगळे पैसेही मागता येत नाहीत. छापून कमिटीला द्या.

कडीकोयंडा | ११ जून
त्याच सूचनांत मालकाने घाण उचलावी, कुत्रा दिवसरात्र भुंकू नये असंही आहे. तेवढं पान तुम्ही लोक छापत नाही.

शेपूटवाला | ११ जून
हे मान्य. मी खिशात जुनं वर्तमानपत्र ठेवतो. तुमच्या स्कूटरच्या चाकाबद्दल समस्त श्वानसमाजातर्फे माफी.

नाडीपरीक्षा | १२ जून
पाऊस टेकलाय म्हणून दोन ओळी. उंदरांच्या मुतातून लेप्टो पसरतो, साचलेल्या पाण्यातून कुत्र्याला होतो, कुत्र्याकडून माणसालाही. कुत्र्याची रेबीजची आणि लेप्टोची लस दरवर्षी. पायाला जखम असताना गुडघाभर पाण्यातून आलात तर ७२ तासांच्या आत डॉक्टरला गाठा, प्रतिबंधक गोळी मिळते. कुत्रं चावलं, मग ते घरचं का असेना, तर आधी पंधरा मिनिटं नळाखाली साबणाने जखम धुवा आणि मग इंजेक्शनसाठी पळा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. अजून लावतात हो लोक, मुंबईत, २०२६ साली.

सायंतारा | १५ जून
कुणीच न लिहिलेलं लिहिते. ते तुमच्याआधी जातात.

आमचा मोती तेरा वर्षांचा होऊन एप्रिलमध्ये गेला. मालाडला महापालिकेची प्राण्यांसाठी दहनाची सोय आहे, तिथे नेला. ऑफिसात रजा मागताना 'घरात वारलं कुणीतरी' असं सांगितलं. कुत्रा गेला म्हटलं असतं तर हसले असते. अजून रात्री दार लावताना पाय आखडता घेते, तो उंबऱ्यात झोपायचा म्हणून. तुमच्या बाबांनी नुकतंच एक माणूस घालवलंय, एवढं मनात असू द्या.

चिंचपोकळीकर | १५ जून
सायंतारा, काय लिहू. हे बाबांना विचारलंच पाहिजे. मी त्यांच्या वतीने सगळं ठरवत सुटलेय.

मांजरपाट | २ ऑगस्ट
धागा वर काढतेय. ताई, काय झालं पुढे?

चिंचपोकळीकर | १८ ऑक्टोबर
उशिराबद्दल क्षमस्व. आता निवांत लिहिते.

बाबांना विचारलं. "तुझ्या आईला कुत्र्याची भीती वाटायची," एवढंच म्हणाले. महिनाभर विषय बंद. मग पट्टा_सोडा यांनी फोटो पाठवला: पाच वर्षांची, तांबूस, एक कान दुमडलेला, तेरा किलो. शिवडीच्या एका गोदामात वाढलेली, गोदाम पाडलं म्हणून बेघर. बाबांनी फोटो लांब धरून बघितला आणि विचारलं, "म्हणजे हिचीही बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली?"

पंधरा दिवसांसाठी आली ती अडीच महिने झाले इथेच आहे. आधीचं नाव कोको, बाबांनी दुसऱ्याच दिवशी चिंगी केलं.

पहिला आठवडा वाईट गेला, खोटं कशाला सांगू. लिफ्टला घाबरायची, चारही पाय रोवून उभी राहायची. बाबांनी रात्री दोनला फोन केला, "घेऊन जा हिला." मी सकाळी पोचेपर्यंत त्यांनीच तोडगा काढला होता. लिफ्टचं दार उघडलं की हे तोंडाने "टिंग टिंग" करतात, आत गेली की बिस्किटाचा तुकडा. डबल बेल म्हणजे गाडी सुटली. आता ती "टिंग टिंग" ऐकलं की आत शिरते, आणि एकदा "टिंग" म्हटलं की रस्त्यात थांबते. तेहतीस वर्षांची नोकरी अशी कामी आली.

डॉक्टरसाहेब, तुम्हाला आकडे हवे असतील. बीपीच्या गोळ्या तेवढ्याच, वजन तेवढंच, शुगर किंचित खाली. त्यांचे डॉक्टर म्हणाले, घाई नको. पण सकाळ-संध्याकाळ मिळून पाऊण तास चालणं, अडीच महिन्यांत खाडे चार. एकदा रस्त्यावर पाणी भरलं म्हणून, तीनदा ताप आला म्हणून. तेव्हा खालच्या वॉचमनने चिंगीला फिरवलं. तो वॉचमन रत्नागिरीचा, त्याला तीन मुली, धाकटी नर्सिंगला, हे सगळं बाबांना माहीत आहे. चार वर्षं त्याचं नाव माहीत नव्हतं.

आणि ती आमटी. चिंगीला भात आणि चिकन उकडून लागतं, कांदा-लसूण-मीठ वर्ज्य. कांदा कुत्र्यांना विषारी, हे पट्टा_सोडा यांनी बाबांच्या डोक्यात पक्कं बसवलंय. आई गेल्यापासून बाबांनी चहापलीकडे गॅस पेटवला नव्हता. आता कुकर लावतात. एका डब्यात तिचं, दुसऱ्यात वरण-भात. "तिच्यासाठी लावायचाच आहे, तर आपलंही टाकतो," म्हणाले. गेल्या रविवारी माझ्यासाठीही टाकलं होतं. वरण अगदी पाणी होतं, मी दोनदा घेतलं.

नाडीपरीक्षा | १८ ऑक्टोबर
कुकर हा माझ्या दृष्टीने रिपोर्टमधला सगळ्यात चांगला आकडा.

कडीकोयंडा | १८ ऑक्टोबर
लिफ्टमध्ये "टिंग टिंग" करणारे गृहस्थ आमच्या बिल्डिंगमध्ये आले तर मी तक्रार करणार नाही. स्कूटरपासून लांब ठेवा म्हणजे झालं.

चिंचपोकळीकर | १९ ऑक्टोबर
आता एक शंका: दिवाळीचं काय करायचं? लालबागचे फटाके तुम्हाला माहीत आहेत. गणपतीत ढोल वाजले तेव्हा पलंगाखालून सहा तास निघाली नाही.

पट्टा_सोडा | १९ ऑक्टोबर
अंधार पडायच्या आत फिरवून आणा. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा आणि टीव्ही चालू. पलंगाखाली बसली तर ओढून काढू नका, तिथेच पाणी सरकवा. फार थरथरली तर दवाखान्यातून आधीच औषध लिहून आणा, माणसाची झोपेची गोळी देऊ नका. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गळ्यात फोन नंबर. दर दिवाळीत घाबरून पळालेली कुत्री सापडतात, त्यातल्या निम्म्यांच्या गळ्यात नुसता पट्टा असतो.

चिंचपोकळीकर | १९ ऑक्टोबर
नंबर आहे! भांड्यांवर नावं घालणारा असतो ना, त्याच्याकडून बाबांनी पितळेच्या चकतीवर घालून आणलाय. आईच्या सगळ्या भांड्यांवर नाव घालणारा तोच माणूस. वर 'चिंगी', खाली बाबांचा मोबाइल, आणि उरलेल्या जागेत त्याने सवयीने तारीखही टाकलीय.